रिपोर्टमधला दोष

पत्र थोडक्यात: पाच वर्षांच्या मुलाच्या आईने लिहिलं आहे. मुलाला ली सिंड्रोम हा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा, आजार आहे. निदानाला दीड वर्ष झालं. जनुकीय तपासणीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये दोष सापडला आणि तोच दोष कमी प्रमाणात आईच्या रक्तातही निघाला. निदानानंतर त्यांना उभं केलं ते अशाच मुलांच्या पालकांच्या एका ग्रुपने. तीन आठवड्यांपूर्वी त्या ग्रुपमधली, त्यांच्या मुलाच्याच वयाची आणि त्याच आजाराची एक मुलगी गेली. तेव्हापासून यांना झोप नाही. पती म्हणतात, "ग्रुप सोड, तिथे भीतीशिवाय काही मिळत नाही." यांचं म्हणणं, "त्याला हे कळणारच नाही, तो कशातच नसतो." नव्या पालकांचे रात्री-अपरात्री मेसेज येतात आणि उत्तर दिल्याशिवाय यांना राहवत नाही. गेलेल्या मुलीच्या आईला काय लिहावं ते सुचत नाही. स्वतःचा मुलगा मागच्या महिन्यात पहिल्यांदा आधाराशिवाय बसला, पण तो फोटो ग्रुपवर टाकायची आता लाज वाटते. प्रश्न: ग्रुप सोडू का?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी ते ग्रुपबद्दल आहे असं वाटलं. दुसऱ्या वेळी मधल्या एका वाक्याशी अडखळले. तुम्ही लिहिता, "दोष माझ्याकडून आलाय, त्यामुळे नवऱ्यासमोर रडायचाही मला हक्क नाही असं वाटतं." आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा ग्रुपवर. जड वस्तू उचलून पटकन खाली ठेवावी तसं. त्या वाक्याकडे मी येणार आहेच, पण आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते.

आज ग्रुप सोडू नका. सोडायचाच नाही असं नाही, पण एक मूल जाऊन तीन आठवडे झालेले असताना असा निर्णय घेऊ नये. नोटिफिकेशन बंद करा. "मी थोडे दिवस शांत राहणार आहे, सगळ्यांची आठवण आहे" एवढं एकदा लिहा आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. सोडणं आणि चोवीस तास तिथे असणं यांच्यामध्ये भरपूर जागा असते. खरं सांगायचं तर मी अशा ग्रुपांची सरसकट भक्त नाही. काही ठिकाणी दुःखाची चढाओढ चालते, काही ठिकाणी औषधांची. पण तुमच्या पत्रावरून तुमचा ग्रुप तसा दिसत नाही. ज्यांना एकदाही समजावून सांगावं लागत नाही अशी माणसं सहज मिळत नाहीत.

आता तुमच्या रात्रीच्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ली सिंड्रोम गंभीर आजार आहे आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा जवळून बघताय. पण "त्याच आजाराची मुलगी" हे शब्द जरा तपासून बघू. १९५१ मध्ये डेनिस ली या डॉक्टरांनी एका बाळाच्या मेंदूत विशिष्ट जागी दिसलेल्या खुणांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे नाव खुणांचं आहे, कारणाचं नाही. या खुणांपर्यंत नेणारी ७५ हून अधिक जनुकं आज माहीत आहेत. त्यातली काही मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या छोट्या डीएनएत आहेत, बरीचशी पेशीच्या केंद्रकात. त्या मुलीचं जनुक कोणतं होतं, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हाला ते माहीतही नसेल, कारण ग्रुपमध्ये आपण आजाराचं नाव विचारतो, जनुकाचं क्वचितच.

आणि समजा जनुक तेच असलं तरी. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या एकेका पेशीत शेकडो ते हजारो प्रती असतात. त्यातल्या काही बिघडलेल्या, काही चांगल्या. बिघडलेल्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की लक्षणं दिसू लागतात. ते प्रमाण मुलागणिक वेगळं असतं, आणि एकाच मुलाच्या रक्तात, स्नायूत, मेंदूतही वेगळं असू शकतं. दुसऱ्या मुलाच्या प्रवासावरून आपल्या मुलाचं वेळापत्रक वाचता येत नाही. तुमचा मेंदू रात्री दोन वाजता नेमकं तेच करतोय. तुमच्या मुलाबद्दलचा प्रश्न त्याची फाइल माहीत असलेल्या डॉक्टरांना विचारा, अगदी सरळ: "याच्या बाबतीत पुढच्या वर्षभरात तुम्ही कशावर लक्ष ठेवाल?" "किती वर्षं?" या प्रश्नाला प्रामाणिक डॉक्टर बहुधा उत्तर देणार नाहीत, पण याला देतील.

आता ते वाक्य.

आपल्या भाषेने इथे एक घोळ करून ठेवलाय. "जनुकीय दोष" यातला दोष म्हणजे बिघाड, उणीव. "माझा दोष" यातला दोष म्हणजे चूक, अपराध. शब्द एकच. रिपोर्टवर पहिला अर्थ छापलेला होता, तुम्ही दुसरा वाचलात. घरातल्या कुणी "आमच्याकडे असं कुणाला नव्हतं" म्हटलं असेल (पत्रात तसं नाही, पण ही पत्रं येतात तेव्हा हे वाक्य बहुतेक वेळा असतं), तर त्या वाचण्यावर शिक्काच बसला असेल. डॉक्टरांशी बोलताना "दोष" ऐवजी "बदल" म्हणून बघा. शब्द बदलून दुःख जात नाही, पण निदान आरोपपत्र वाटत नाही.

कारण झालं ते असं. वडिलांच्या शुक्रपेशीतले मायटोकॉन्ड्रिया फलनानंतर नष्ट होतात; बाळाला मिळतात ते आईच्या बीजांडातले. एका बीजांडात या डीएनएच्या लाखाहून अधिक प्रती असतात, आणि कुठल्या बीजांडात बिघडलेल्या किती जातात हे तुमच्या जन्माच्याही आधी, तुम्ही तुमच्या आईच्या पोटात असतानाच मोठ्या प्रमाणात ठरलेलं असतं. तुम्ही गरोदरपणात काय केलंत, काय केलं नाहीत, कोणती गोळी घेतली, किती दगदग केली, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. अशा बदलांपैकी एखादा, कमी प्रमाणात, साधारण दर २०० निरोगी माणसांपैकी एकात सापडतो. त्यातल्या बहुतेकांना तो आहे हे आयुष्यभर कळत नाही. तुम्हाला कळलं ते तुमच्या मुलामुळे, एवढाच फरक.

इथे दुसऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. लहानपणी दिसणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांपैकी बरेचसे आईच्या बाजूने येत नाहीतच. ते केंद्रकातल्या जनुकांमुळे होतात. अनेकदा आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. त्या घरांतून येणाऱ्या पत्रांत मला वाटायचं अपराधाची वाटणी अर्धी-अर्धी होत असेल. तसं होत नाही, बहुतेकदा आईच सगळा उचलते. यावरून मला वाटतं, अपराधीपणा जनुकं बघून येत नाही. मूल आजारी असताना "काहीतरी माझ्या हातात होतं" असं मानणं हे "काहीच माझ्या हातात नव्हतं" यापेक्षा सोसायला सोपं असतं, म्हणून तो येतो.

तर तुमच्या पतींबद्दल. "तो कशातच नसतो" हे तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंही असेल. पण तो कशातच नसण्याची सुरुवात कुठे झाली, हे आठवून बघा. निदानानंतर फाइल कुणी सांभाळली? डोस, नळीतून दूध द्यायच्या वेळा, फिट आली तर काय, फिजिओची तारीख, हे सगळं एका डोक्यात गेलं. ते डोकं तुमचं होतं. मग सहा महिन्यांनी त्यांनी काही करायला घेतलं तर ते हळू करत होते, चुकत होते, आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, मी करते." दमलेल्या माणसाचं हे सगळ्यात साधं वाक्य. पण शंभर वेळा ऐकलं की समोरच्याला आपली जागा कळते: दारापाशी. तिथून जे दिसतं त्यावर ते बोलतात. त्यांना दिसतं की बायको रात्री फोनकडे बघून रडते. म्हणून त्यांचा उपाय फोनबद्दल आहे.

मी त्यांची वकिली करत नाहीये. "ग्रुप सोड" हे सांगायची पद्धत चुकीचीच आहे. तुमचा एकमेव श्वास घ्यायचा कोपरा ते काढून घ्यायला निघालेत. पण या वाक्यामागे "मला तुझी काळजी वाटते" आहे, की "मलाही त्या मुलीचं ऐकून झोप येत नाही" आहे, की "तू तिथे बोलतेस आणि माझ्याशी नाही" आहे, हे तुम्ही विचारलेलं दिसत नाही. माझा अंदाज तिसऱ्यावर आहे. आणि तुम्ही त्यांच्याशी का बोलत नाही, ते त्या मधल्या वाक्यात आहे. ग्रुपमध्ये तुम्ही इतर आयांसारखी एक आई असता. घरात तुम्ही स्वतःला आरोपी करून ठेवलंय. आरोपी माणूस कसा रडणार? त्यामुळे ते वाक्य आधी त्यांना सांगा. मला लिहिलंत तसंच, शब्द न बदलता. त्यांचं उत्तर काय येईल ते मी इथून सांगू शकत नाही. काही नवरे गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं नकार समजलं जातं. गप्प बसले तर तासाभराने परत विचारा.

एका संध्याकाळी हे बोलणं झालं नाही तर जनुकीय समुपदेशकांची वेळ घ्या आणि दोघं मिळून जा. पुढच्या मुलाचा विचार असो वा नसो. तिसऱ्या माणसाने, शांतपणे, वडिलांच्या समोर "यात आईची चूक नाही" म्हणणं वेगळं असतं. तुमच्या बहिणींना, मावशांना तपासणी हवी का, तुमच्या स्वतःच्या तब्येतीकडे काही लक्ष ठेवायला हवं का, हेही तिथेच विचारा. पत्रात तुमच्या तब्येतीबद्दल एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

आणि मग त्यांना काम द्या. मदत मागू नका. "जरा धरतोस का" ही मदत झाली. एक अख्खी गोष्ट द्या, विचार करण्यासकट. मी सुचवेन तापाच्या दिवसाचा कागद. अजून केला नसेल तर हा प्रत्येक घराने करावा. या मुलांच्या शरीरात ऊर्जेची शिल्लक फारच थोडी असते. साधा ताप, उलट्या, काही तास पोटात काही न जाणं, एवढ्यानेही मूल ढासळू शकतं, आणि अनोळखी दवाखान्यात रात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने हा आजार पुस्तकात एकदाच वाचलेला असतो. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा एक पानाचा कागद हवा: आजाराचं नाव, कोणत्या लक्षणाला वाट न बघता यायचं, कोणतं सलाइन द्यायचं आणि कोणतं नाही, कोणती औषधं टाळायची, भूल द्यायची झाली तर उपाशी किती वेळ ठेवायचं, फोन कुणाला करायचा. हे सगळं जनुकानुसार बदलतं. ग्लुकोजचं सलाइन बऱ्याच मुलांना वाचवतं, पण याच कुळातल्या एका आजारात जास्त ग्लुकोजने त्रास वाढतो. फिटसाठी नेहमी वापरलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे पीओएलजी नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या मुलांचं यकृत निकामी करू शकतं. म्हणून ग्रुपमधल्या दुसऱ्या मुलाचा कागद नाव बदलून वापरायचा नाही. तुमच्या पतींनी वेळ घ्यावी, एकट्याने मुलाला घेऊन जावं, प्रश्न विचारावेत, कागद करून आणावा. एक प्रत तुमच्याकडे, एक त्यांच्या पाकिटात. तुम्ही त्या दिवशी घरी थांबा. फोन करून "हे विचारलंस का" असं विचारू नका. (कराल. पण एकदाच करा.)

रात्रींचंही वाटून घ्या. एकाड एक रात्र जमत नसेल तर निदान दोघांपैकी प्रत्येकाला सलग पाच तास मिळतील अशी. झोप न झालेल्या माणसाला प्रत्येक बातमी स्वतःच्या मुलाबद्दलची वाटते.

नव्या पालकांचे मेसेज. तुम्ही उत्तर देता कारण दीड वर्षापूर्वी रात्री कुणीतरी तुम्हाला उत्तर दिलं होतं. ते ऋण तुम्ही फेडताय, चांगलंच आहे, पण ज्याने तुम्हाला उत्तर दिलं त्याच्यावर त्या रात्री काय बेतलं होतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. ग्रुपमधल्या तीन-चार जुन्या पालकांनी आठवडे वाटून घ्यावेत. ग्रुपच्या माथ्यावर कायमचा एक मेसेज असावा: इथे रात्री दहानंतर उत्तर मिळेलच असं नाही, मूल सुस्त आहे, श्वास वेगळा वाटतोय, फिट थांबत नाही, तर इथे लिहू नका, दवाखान्यात निघा. हे निर्दयपणाचं नाही. घाबरलेली आई आधी ग्रुपवर विचारते आणि त्यात वीस मिनिटं जातात, हा धोका खरा आहे.

दुसरं, औषधांच्या गोष्टी. "आमच्याकडे या व्हिटॅमिनने चमत्कार झाला" असं कुणी लिहिलं तर ते खोटं असेलच असं नाही. मेंदूच्या स्कॅनवर ली सिंड्रोमसारखाच दिसणारा एक आजार आहे, एसएलसी१९ए३ या जनुकाचा, ज्यात बायोटिन आणि थायमिन मोठ्या मात्रेत लवकर सुरू केलं तर मूल खरोखर सुधारतं. त्या घराने पाहिलेलं खरं असतं. पण जनुक वेगळं असेल तर तीच गोळी दुसऱ्या मुलाला तसं काही करेलच असं नाही, आणि मग त्या दुसऱ्या आईला वाटतं आपण उशीर केला. तेव्हा जुन्या सभासदांनी एक सवय लावावी: अनुभव लिहायचा तर जनुकाच्या नावासकट लिहायचा, मात्रा लिहायची नाही.

त्या मुलीच्या आईला काय लिहायचं, याचा तुम्ही तीन आठवडे विचार करताय. म्हणजे तीन आठवडे तिला तुमचा मेसेज गेलेला नाही. आजच लिहा. मुलीचं नाव लिहा. लोक नाव घ्यायचं टाळतात आणि आई ते ऐकायला आसुसलेली असते. एखादी आठवण असेल तर ती लिहा, तिच्या एखाद्या फोटोतली असली तरी चालेल. "सुटली" लिहू नका. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात" तर नकोच. "काही लागलं तर सांग" हेही नको, कारण ती सांगणार नाही. त्यापेक्षा "मी येत्या रविवारी फोन करेन, उचलला नाहीस तरी चालेल" असं ठरवून लिहा आणि रविवारी करा. तुम्हाला उशीर झालाय याची माफी एका ओळीत मागा, पॅरेग्राफात नको, नाहीतर तिलाच तुमचं समाधान करत बसावं लागेल. आणि ती ग्रुपमध्ये राहणार की नाही हे तिला ठरवू द्या. ग्रुपचा जो सांभाळ करतो त्याने तिला हे एकदा विचारावं. न विचारता काढून टाकणं आणि न विचारता गृहीत धरणं, दोन्ही वाईट. मूल गेल्यावरही ती या आजाराच्या मुलीची आईच आहे. काहींना तिथेच राहावंसं वाटतं, काहींना एकही मेसेज नको वाटतो, काहींना सहा महिन्यांनी परत यावंसं वाटतं.

राहिला फोटो. या आठवड्यात ग्रुपवर टाकू नका. लाजेचं काही नाही, फक्त घर अजून गप्प आहे. महिन्या-दीड महिन्याने टाका, माफी न मागता. ज्या पालकांचं निदान गेल्या आठवड्यात झालंय त्यांना, या आजाराचं मूल पाच वर्षांचं होऊन स्वतःचं स्वतः बसू शकतं, हे बघायची गरज असेल. आणि ती आई तो फोटो बघून कदाचित रडेल, कदाचित हसेल; तिच्या वतीने तुम्ही आधीच ठरवून टाकू नका.

पण एक विचारते. तुम्ही लिहिलंय की तो दुपारी बसला, घरात तुम्ही दोघंच होतात आणि तुम्ही घाईघाईने फोटो काढलात. तो ग्रुपवर टाकावा का यावर तुम्ही अर्धं पान लिहिलंय. बाबांना दाखवला का, हे पत्रात कुठेच नाही.